रेतीत क्लच सरकतोय की चाकं फिरताहेत? हिंगणा रोडवरच्या क्लच तपासणीचा रिव्ह्यू

“भाऊ, रेतीत इंजिन ओरडलं तेव्हा स्पीडचा काटा चढला होता का?”

गाडी फाटकातून आत आली की पाना हातात घेण्याआधी इथला मुख्य मेकॅनिक हा प्रश्न विचारतो. या सेवेला पाचपैकी चार गुण देतोय, त्यातले निदान दोन या एकाच प्रश्नाचे. नागपुरात “गाडी उचलत नाही, जळका वास येतो” एवढं सांगितलं की बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेलं असतं: क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स खाली घेऊ, उद्या संध्याकाळी या. प्लेट खरंच गेलेली असेल तर ठीकच. पण केबल ताणलेली असेल, सील गळत असेल किंवा टायरमध्ये हवा जास्त असेल, तर नवीन प्लेट टाकूनही चार ट्रिपनंतर तोच वास परत येतो.

हे गॅरेज हिंगणा रोडला, एमआयडीसीच्या अलीकडे आहे. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाड्यांचंच काम करतात. पेंच आणि उमरेड-कऱ्हांडल्याच्या सफारीच्या जिप्सी इथे नेहमी उभ्या दिसतात, आणि हिवाळ्यात जैसलमेरजवळच्या समच्या रेतीच्या टेकड्यांवर गाडी न्यायची असलेले लोक दिवाळीच्या आधीपासून येऊ लागतात. क्लचची तपासणी हे इथे वेगळं काम आहे. गिअरबॉक्स न उतरवता जेवढं कळतं तेवढं तपासतात आणि त्याचे ठरलेले पैसे घेतात. पुढे त्यांच्याकडेच गिअरबॉक्स उतरवला, तर ते पैसे मजुरीतून वजा होतात. खाली जे लिहिलंय ते १.३ लिटर पेट्रोल जिप्सीबद्दल. थार आणि इतर गाड्यांबद्दल शेवटी वेगळं लिहिलं आहे, कारण तिथे यांचं काम थोडं कमी पडतं.

आधी त्या काट्याविषयी. जिप्सीत स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) निघते, म्हणजे क्लच आणि गिअरबॉक्सच्या मागून. त्यामुळे चाकं रेतीत नुसती गरगर फिरली, तर गाडी जागची हलत नसली तरी स्पीडचा काटा चढतो. क्लच सरकत असेल, म्हणजे प्लेट पूर्ण पकडत नसेल, तर इंजिन ओरडतं आणि काटा तिथेच राहतो, किंवा उतरतो. रेतीत बसलेल्या ड्रायव्हरला दोन्ही वेळी सारखंच वाटतं: आवाज मोठा, गाडी हलेना. फरक फक्त काट्यावर दिसतो. तिसरा प्रकार म्हणजे इंजिन ओरडत नाही, उलट दबतं आणि घुर्र करून बंद पडतं. तिथे क्लचचा दोष नाही. आधी एअर फिल्टर उघडून बघायचा, त्यात अनेकदा मूठभर धूळ निघते. आणि काटा शून्यावर, इंजिन एकदम मोकळं, वासही नाही, असं असेल तर ट्रान्सफर केसचा लिव्हर न्यूट्रलला सरकलाय का ते पाहायचं. रेतीत गचके बसताना घासलेल्या लिंकेजमुळे असं होतं, आणि यासाठी गिअरबॉक्स उतरवून घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

विचारून झालं की गाडी आउटर रिंग रोडला जाते. आरपीएमचा काटा नसेल तर प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा डिजिटल टॅको लावतात. गाडी आधी पंधरा-वीस मिनिटं चालवतात, कारण थंड क्लच खोटं बोलतो. सकाळी घरून निघताना नीट पकडणारी प्लेट तापल्यावर सोडून देते. मग टू-हायमध्ये (ताकद फक्त दोन चाकांना, नेहमीचं प्रमाण), चौथ्या गिअरला ताशी ४० किलोमीटरवर गाडी स्थिर करून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतात. क्लच चांगला असेल तर आरपीएम आणि स्पीड हातात हात घालून हळूहळू चढतात. सरकत असेल तर आरपीएम आधी उडी मारतो आणि स्पीड मागून रेंगाळत येतो. पाचव्या गिअरला हेच पुन्हा करतात. वरच्या गिअरला क्लचवर ताण जास्त येतो, त्यामुळे सुरुवातीचं सरकणं सगळ्यात आधी पाचव्यात दिसतं आणि पहिल्यात सगळ्यात शेवटी.

ही चाचणी फोर-लोमध्ये (चारही चाकं, हळू चालीचं आणि जास्त ओढीचं प्रमाण) करायची नाही, आणि हे गॅरेज ती चूक करत नाही. ट्रान्सफर केस क्लचच्या मागे असते. जिप्सीत हायचं प्रमाण १.४०९ आणि लोचं २.२६८, म्हणजे लोमध्ये चाकावर तेवढीच ओढ मिळवायला क्लचला सुमारे ६२ टक्केच टॉर्क (फिरवण्याची ताकद) पेलावा लागतो. अर्धमेला क्लचही लोमध्ये धडधाकट वाटतो. “लोमध्ये तर मस्त चढली” हे ऐकून क्लच पास करणारे मेकॅनिक शहरात आहेत, आणि तीच गाडी फोर-हायमध्ये वेग धरून टेकडी चढताना मध्येच दम सोडते. उलट बाजूने, रेतीत हळू आणि अवघड जागी लो वापरलं तर क्लचचं आयुष्य वाढतं. ही गोष्ट इथे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात आणि ती सांगण्यासारखीच आहे.

उभ्या गाडीची चाचणीही करतात. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर, चौथा गिअर, इंजिन साधारण १५०० ते २००० आरपीएमवर, आणि क्लच नेहमीच्या वेगाने सोडायचा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. दोन-तीन सेकंद चालत राहिलं तर क्लच सरकतोय. इथे मात्र एक खोट काढावी लागते. ही चाचणी लागोपाठ दोनदा, तीही रिंग रोडवरून तापून आलेल्या गाडीवर केली जाते. प्रत्येक वेळी थांबलेली प्लेट आणि फिरतं फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेलं जड चक्र) यांच्यावर सगळी उष्णता उतरते. एकदा पुरे. रस्त्यावर सरकणं दिसलंच असेल तर ही चाचणी करायचीच कशाला?

किती उष्णता, त्याचा अंदाज येण्यासाठी आकडा बघा. या इंजिनाचा कमाल टॉर्क १०३ न्यूटन मीटर. समजा क्लच साधारण १०० न्यूटन मीटर पेलत असताना इंजिन आणि प्लेट यांच्या वेगात १००० आरपीएमचा फरक आहे. तेवढ्यानेच क्लचमध्ये सुमारे १० किलोवॅट उष्णता तयार होते, म्हणजे घरातले २ किलोवॅटचे पाच गीझर एकदम चालू केल्यासारखं. ही सगळी उष्णता फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी) या दोन ताटांच्या मध्ये कोंडलेली असते. रेतीत हाफ क्लचवर गाडी पुढे-मागे झुलवत अर्धा मिनिट घालवलं की प्लेटवरचं घर्षणाचं अस्तर चकचकीत होतं, घर्षण कमी होतं आणि प्रेशर प्लेटच्या डायफ्रॅम स्प्रिंगचा ताण सैल पडू लागतो. एकदा सैल पडलेली स्प्रिंग गार झाल्यावर परत कडक होत नाही. नवीन प्लेट आणि जुनी प्रेशर प्लेट हा जोड म्हणूनच टिकत नाही.

गाडी परत आली की पेडलकडे येतात, आणि हा तपासणीचा सगळ्यात मोलाचा भाग आहे. जिप्सीचा क्लच केबलवर चालतो. पेडल हाताने दाबलं तर साधारण २० ते ३० मिलिमीटर ते मोकळं खाली गेलं पाहिजे. त्यानंतर रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांना (स्प्रिंगच्या आतल्या टोकांना) टेकतं. प्लेट झिजते तशी ही बोटं बेअरिंगकडे सरकतात आणि पेडलचं मोकळेपण कमी होत जातं. ते संपलं की पाय पेडलवर नसतानाही बेअरिंग बोटांवर दाब देत राहतं, म्हणजे क्लच कायम थोडा दाबलेलाच. गिअर कडक पडतो म्हणून कुणी तरी केबलचा नट आवळतो, आणि तिथूनच सरकणं सुरू होतं. इथला मुलगा पट्टी लावून मोकळेपण मोजतो आणि आकडा कार्डावर लिहितो. नुसतं “प्ले बरोबर आहे” म्हणून सोडून देत नाही.

नट सैल करून मोकळेपण आणलं की गाडी पुन्हा रस्त्यावर नेतात. सरकणं थांबलं तर तिथेच काम संपतं. पण गिऱ्हाइकाला हेही स्पष्ट सांगतात की क्लच काही काळ तसाच दाबलेला चालला असेल तर प्लेट आतून तापून गेलेली असू शकते. पुढचे काही दिवस लक्ष ठेवा.

रेतीत चालणाऱ्या गाडीत केबलचं दुखणं वेगळं असतं. केबलच्या नळीत बारीक रेती शिरते आणि आतली तार जाताना जाते, पण परत येताना अडकते. बेल हाउसिंगमधून (क्लचभोवतीचं कवच) बाहेर येणाऱ्या रिलीज शाफ्टच्या बुशांतही हेच होतं. पेडल पायाने वर ओढावं लागत असेल किंवा अर्ध्यावर रेंगाळत असेल, तर दोष इथे आहे. तपासायला केबल लिव्हरवरून सोडवतात आणि लिव्हर हाताने हलवून पाहतात. लिव्हर सहज परत येतो आणि केबल हाताने ओढताना खरखरते, तर केबल बदला. लिव्हरच जड असेल तर बुश. जुन्या केबलमध्ये तेल सोडून काम भागवणं इथे करत नाहीत आणि ते योग्यच आहे, कारण तेलाला रेती चिकटून आठवडाभरात आत पॉलिश पेपर तयार होतो. नवीन केबल महाग नसते. समला जाणाऱ्यांनी एक सीटखाली ठेवावीच.

यानंतर गाडीखाली. बेल हाउसिंगच्या खालच्या बाजूचं झाकण उघडतात, खाली पांढरा कागद धरतात आणि हाताने हाउसिंगला टिचक्या मारतात. कागदावर जे पडतं ते वाचायला शिकण्यासारखं आहे. काळी, मऊ, बोटांवर काजळीसारखी पसरणारी धूळ म्हणजे अस्तराची झीज. ती थोडी असणारच. त्यात चमचमणारे धातूचे कण दिसले तर अस्तर संपून रिव्हेट फ्लायव्हीलला घासू लागलेत. भुरकट, चिमटीत धरली की करकरणारी असेल तर रेती आत जातेय. कन्हान नदीची रेती जाडी असते, ती आत शिरली तरी झाकणाशी साठते. राजस्थानच्या टेकड्यांवरची रेती बारीक असते आणि ती प्लेटच्या दोन्ही बाजूंना पोचते, तिथे फ्लायव्हीलवर खोबण्या पाडते आणि क्लच सोडताना गाडी थरथरायला लावते. आणि कागदावर धुळीऐवजी काळा चिकट चिखल पडला, तर तेल आलंय.

तेल कुठलं, हेही वासावर ओळखतात. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, इंजिन ऑइलला तसा नसतो. गिअर ऑइल असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं सील, इंजिन ऑइल असेल तर क्रँकचं मागचं सील. इथे त्यांनी एक गोष्ट सांगितली जी नागपुरात फार कमी ठिकाणी ऐकायला मिळते: सील बदलण्याआधी गिअरबॉक्सचा ब्रीदर (हवा बाहेर जायची वाट) बघा. चिखल-रेतीने तो बुजला की तापलेल्या गिअरबॉक्समधली हवा बाहेर पडायला जागा शोधते आणि तेल सीलमधून ढकलते. ब्रीदर बुजलेलाच ठेवून घातलेलं नवीन सीलही गळतं. तेल प्यायलेली प्लेट पेट्रोलने धुऊन परत बसवायची नाही. अस्तर तेल शोषतं आणि तापलं की परत सोडतं.

छोटा कॅमेराही आत घालतात आणि स्क्रीन गिऱ्हाइकाला दाखवतात. त्यात फ्लायव्हीलच्या कडेवरचे निळसर डाग आणि प्लेटची कड दिसते, पण अस्तर किती उरलं ते मोजता येत नाही. ते मोजायचं तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. कॅमेऱ्यावरून “अजून एवढे टक्के शिल्लक” असं सांगणाऱ्या कुणावरही विश्वास ठेवू नका. हे गॅरेज तसं सांगत नाही.

एक तक्रार मात्र ठामपणे. झाकण उघडल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवतात, तोंडाला रुमालही न बांधता. क्लचची धूळ फुप्फुसांना वाईट असते, आणि जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसावं किंवा ब्रेक क्लीनर मारून खाली ट्रेमध्ये धरावं. काम करणारी पोरं विशीतली आहेत. मालकाने हे आजपासून बंद करावं.

टायरचा मुद्दा ते स्वतःहून काढतात, हे आवडलं. जिप्सीला मूळ २०५/७० आर १५ टायर यायचा, त्याचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर. बरेच जण २३५/७५ आर १५ बसवतात, त्याचा ७३३. व्यास जवळपास १० टक्क्यांनी वाढला की तेवढीच ओढ मिळवायला क्लचवरचा टॉर्कही तेवढाच वाढतो. दिसायला गाडी उंच होते आणि प्लेट लवकर संपते. त्यात रेतीत हवा कमी न करता ३० पीएसआयवर गाडी घातली की टायर रेतीवर तरंगायच्या ऐवजी चर खणत खाली जातो आणि सगळा भार क्लचवर येतो. १५ ते १८ पीएसआयवर आणा, तिरकं वळू नका, बाहेर आल्यावर डांबरी रस्त्याआधी हवा परत भरा. काही गाड्यांचं “क्लच सरकणं” इथे फक्त हवा काढून थांबलेलं आहे, आणि त्यांना प्लेट विकण्याचा प्रयत्न झाला नाही.

निदान पक्कं झालं आणि गिअरबॉक्स उतरवायचा ठरला, तर कामाचा दर्जा चांगला आहे. जिप्सीत ट्रान्सफर केस वेगळी असते आणि मध्ये छोटा शाफ्ट असतो, त्यामुळे एकटा गिअरबॉक्स खाली येतो. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदलतात, पायलट बेअरिंगही. जुन्या प्लेटवर व्हर्नियरने रिव्हेटची खोली मोजून दाखवतात: नवीन असताना ती सुमारे १.२ मिलिमीटर असते आणि ०.५ ला प्लेट बाद. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा केसासारखे तडे असतील तर लेथवर फेसिंगला (पृष्ठभाग कापून सपाट करायला) पाठवतात आणि परत आल्यावर डायल गेज लावून ०.२ मिलिमीटरच्या आत फिरतंय ना ते बघतात. नवीन प्रेशर प्लेटला गंज न लागण्यासाठी लावलेलं तेल ब्रेक क्लीनरने पुसतात. ही पायरी घाईत विसरली तर पहिल्या दिवसापासून क्लच सरकतो, म्हणून तिथे उभं राहून बघायला हरकत नाही. प्लेटवर फ्लायव्हीलच्या बाजूची खूण असते ती बघून, मधोमध शाफ्ट घालून प्लेट बसवतात, बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळतात आणि शेवटी टॉर्क पाना. स्प्लाइनवर (प्लेट जिथे बसते त्या शाफ्टच्या खाचांवर) ग्रीस बोटाच्या टोकावर मावेल एवढंच. जास्त लावलं तर ते फिरताना उडून अस्तरावर जातं.

फेसिंग मात्र बाहेर होतं आणि त्याला एक पूर्ण दिवस जातो. शनिवारी गाडी दिली तर सोमवारआधी मिळत नाही. हे आधी सांगत नाहीत, सांगायला हवं.

नवीन क्लचला पहिले ५०० किलोमीटर शहरातलं चालणं द्या. हाफ क्लच नाही, टोइंग नाही, रेती तर नाहीच. सहलीच्या आदल्या आठवड्यात क्लच बदलून थेट टेकड्यांवर जाऊ नका, निदान तीन आठवडे आधी काम करून घ्या.

आता थारबद्दल. तिथे क्लच हायड्रॉलिक आहे, पेडलचं मोकळेपण पट्टीने मोजून फार काही हाती लागत नाही. तिथे विचारायचा प्रश्न वेगळा: पेडल सोडल्यावरही लाइनमध्ये दाब अडकून राहतोय का? मास्टर सिलिंडरचं परतीचं छिद्र घाणीने बुजलं किंवा होज आतून फुगला, तर द्रव परत येत नाही आणि क्लच दाबलेलाच राहतो. तपासायला सरकणं चालू असताना ब्लीडर नट (लाइनमधला द्रव बाहेर सोडायचा नट) क्षणभर सैल करायचा. द्रवाची चिळकांडी उडाली आणि मग क्लच पकडायला लागला, तर दोष हायड्रॉलिकमध्ये, प्लेटमध्ये नाही. एका मिनिटाचं काम. इथे ते सांगितल्याशिवाय करत नाहीत, आणि थारमध्ये ट्रान्सफर केस गिअरबॉक्सलाच जोडलेली असल्याने उतरवणं जड आणि खर्चिक आहे. म्हणून थारवाल्यांनी ब्लीडर नट सैल करून बघायला तोंडाने सांगावं. पाच गुणांतला हरवलेला एक यासाठीच आहे. पट्ट्याच्या सीव्हीटीवर (गिअरऐवजी पट्टा आणि पुल्या) चालणाऱ्या साइड-बाय-साइड गाड्या, म्हणजे शेजारी-शेजारी बसायच्या छोट्या ऑफरोड बग्ग्या, इथे नेऊच नका. तिथे सरकतो तो पट्टा, आणि पट्ट्याची रुंदी, पुलीवरचे डाग, हाउसिंगमधलं पाणी हे तपासायची सवय यांना नाही.

जाताना दोन गोष्टी करा. गाडी सकाळी थंड असताना पोचवा, म्हणजे थंड आणि तापलेला दोन्ही क्लच त्यांना बघता येतो. मे महिन्यात दुपारी ४५ अंशांत नेली तर पहिला अर्धा भाग हातातून जातो. आणि तपासणीचं कार्ड मागून घ्या: मोकळेपणाचा आकडा, चौथ्या-पाचव्या गिअरचा निकाल, कागदावर काय पडलं ते. मागितलं नाही तर ते कार्ड गॅरेजच्या खिळ्यावरच लटकत राहतं.